चकाकीच्या खाली

जुन्या मोटारीचा बंपर, तिच्या तोंडावरची जाळी, दारांच्या मुठी आणि अंगावरून गेलेल्या त्या चकाकत्या पट्ट्या, ज्यांना गॅरेजवाले बीडिंग म्हणतात, हा माझ्या आजच्या भाषणाचा विषय आहे. गावात मोटारी त्या किती आणि त्यांत जुन्या किती, असं कोणी विचारील. अ‍ॅम्बॅसेडरचे उत्पादन २०१४ साली थांबले. प्रीमियर पद्मिनीचे त्याच्याही बरेच आधी थांबले. तरीसुद्धा कुठे डॉक्टरांच्या वाड्यात, कुठे कारखान्याच्या आवारात, कुठे लग्नाच्या वरातीत यांपैकी एखादी गाडी आजही नजरेस पडते. मुंबईच्या काळ्यापिवळ्या टॅक्सीत शेवटच्या पद्मिनीची नोंदणी २००३ साली झाली होती. वीस वर्षांची मुदत भरली आणि ऑक्टोबर २०२३ मध्ये पद्मिनी टॅक्सी रस्त्यावरून गेली. खासगी गाड्या मात्र हौसेने जपलेल्या आहेत. आणि मोटार नसली तरी घरी बुलेट असते, जुनी राजदूत असते, सायकलचे हँडल असते, न्हाणीघरात पाण्याची तोटी असते. या साऱ्यांवरची ती निळसर चकाकी बहुधा एकाच धातूची असते. ती उडू लागली की मालकापुढे प्रश्न उभा राहतो : घासावी, रंगवावी, भाग बदलावा, की पुन्हा मुलामा द्यावा?

या प्रश्नाचे उत्तर नुसते वरून पाहून देता येत नाही. चकाकीच्या खाली काय आहे ते आधी पाहावे लागते. आज आपण तेच पाहू.

हा धातू म्हणजे क्रोमियम. लुई निकोला वोक्लँ या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने १७९७ साली सायबेरियातून आलेल्या एका तांबड्या खनिजात त्याचा शोध लावला. याचे क्षार पिवळे, हिरवे, नारिंगी, तांबडे अशा नाना रंगांचे असतात. म्हणून रंग या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून त्याला हे नाव मिळाले. आपल्या देशात याच्या खनिजाचा फार मोठा साठा ओडिशातल्या सुकिंदा खोऱ्यात आहे. आपल्या सिंधुदुर्गातही कणकवलीच्या बाजूला हे खनिज सापडते.

मोटारी निघाल्या तेव्हा त्यांचे दिवे पितळेचे असत. पुढे निकेलचा मुलामा आला. पण पितळ काळवंडते आणि निकेल पिवळट पडते, त्यामुळे दोन्हींना सारखे पुसत बसावे लागे. १९२० नंतरच्या दशकात क्रोमियमचा मुलामा व्यवहारात आला आणि ही कटकट संपली. क्रोमियम टणक असते, हवेत काळवंडत नाही, नुसत्या ओल्या फडक्याने उजळ होते. काही वर्षांतच साऱ्या जगातल्या मोटारींचे तोंड क्रोमियमने चमकू लागले.

आता एक गोष्ट नीट लक्षात घ्या. बंपर क्रोमियमचा केलेला नसतो. तो पोलादाचा असतो. त्यावर पुष्कळदा आधी तांब्याचा थर देतात, त्यावर निकेलचा आणि अगदी वर क्रोमियमचा. या थरांची जाडी पाहा. मिलिमीटरच्या हजाराव्या भागाला मायक्रॉन म्हणतात. निकेलचा थर साधारण दहा ते तीस मायक्रॉन असतो. क्रोमियमचा थर मात्र अर्धा मायक्रॉन, किंबहुना त्याहूनही कमी. आपल्या डोक्याचा केस पन्नास ते शंभर मायक्रॉन जाड असतो. म्हणजे क्रोमियमचे शंभर थर एकावर एक रचावेत, तेव्हा कुठे एका बारीक केसाची जाडी भरेल!

आपल्या कल्हईची आठवण काहींना झाली असेल. कल्हईवाला पितळेचे भांडे तापवतो, नवसागर टाकतो आणि कथील कापसाने फिरवतो. तिथे एकच थर आणि काम करणाराही तोच. इथे कामाची वाटणी आहे. मातीच्या भिंतीला आपण गिलावा करतो आणि वर चुन्याचा हात देतो. भिंत पांढरी दिसते ती चुन्याने, पण पाऊस अडवतो तो गिलावा. तसेच इथे आहे. निळसर झाक आणि टणकपणा क्रोमियमचा, पण पोलादाला पाण्यापासून वाचवण्याचे खरे काम निकेलचे. क्रोमियमच्या थरात डोळ्यांना न दिसणाऱ्या बारीक भेगा असतात, त्यांतून ओल खाली जाते. खाली निकेल घट्ट आणि पुरेसे जाड असेल तर ती तिथेच अडते. निकेल पातळ असेल किंवा त्यात छिद्रे असतील, तर ओल पोलादापर्यंत पोचते आणि गंज सुरू होतो.

याचा पडताळा एकदा साऱ्या अमेरिकेला आला होता. कोरियात १९५० ते १९५३ या काळात युद्ध चालू होते आणि निकेल युद्धसामग्रीसाठी हवे होते. मोटारींच्या शोभेच्या भागांवर ते वापरण्यास तिथे बंधने आली. कारखानदारांनी तांब्यावर क्रोमियम चढवून वेळ भागवली. नव्या गाड्या दिसायला पूर्वीइतक्याच झगझगीत होत्या, पण त्यांचे बंपर लवकर गंजले. क्रोमियम तेच होते. नव्हते ते फक्त त्याखालचे निकेल.

तेव्हा 'क्रोम फिके पडले' असे आपण म्हणतो, ते तितकेसे बरोबर नाही. क्रोमियम उन्हाने विटत नाही आणि पाण्याने गंजत नाही. ते झिजते किंवा उखडते, आणि मग खालचे वर येते. पिवळट छटा आली तर समजावे की क्रोमियम झिजून निकेल दिसू लागले. तांबूस ठिपके आले तर पोलाद गंजू लागले. बारीक फोड आले तर मुलाम्याची खालची पकड सुटली. कोकणात आणि मुंबईच्या किनाऱ्याला हवेत मीठ असते म्हणून हे लवकर घडते. देशावर कोरड्या हवेत उशिरा घडते. आणि जिथे गाडी राखेने किंवा वाळूने घासली जाते तिथे हवा कशीही असो, लवकरच घडते. अर्ध्या मायक्रॉनचा थर राखेच्या घासण्यापुढे टिकणार तरी किती?

आता आपल्या गाडीची परीक्षा करू. चकाकणारा प्रत्येक भाग क्रोमियमच्या मुलाम्याचाच असतो असे नाही. घरातला एखादा लहान लोहचुंबक घ्या. बंपरला तो घट्ट चिकटला तर तो पोलादावरचा मुलामा. दाराची मूठ, नावाची अक्षरे, दिव्याची कडी यांना तो चिकटत नाही आणि वस्तू हाताला जड लागते, तर ते पुष्कळदा साच्यात ओतलेले जस्त असते आणि त्यावर मुलामा असतो. पट्टी हलकी असेल, चुंबक चिकटत नसेल आणि ती दुधासारखी पांढुरकी पडली असेल, तर ते अ‍ॅल्युमिनियम. पट्टीला कुठेच मुलामा उखडल्याची खूण नाही, नुसते ओरखडे आहेत, तर ते बहुधा स्टेनलेस स्टील. या पोलादातच क्रोमियम मिसळलेले असते, त्यामुळे त्यावर वेगळा थर नसतो. अलीकडच्या गाड्यांत प्लास्टिकवरही मुलामा देतात. नखाने टिचकी मारली की आवाजावरून ते कळते.

ही ओळख झाली की निम्मा प्रश्न सुटला. स्टेनलेस स्टीलच्या पट्टीला मुलामाही नको आणि रंगही नको. पोचे काढून बफ मारला की ती नव्यासारखी होते. अ‍ॅल्युमिनियमलाही घासून पॉलिश करता येते. मात्र त्यावर कारखान्यात दिलेला पारदर्शक रक्षक थर असतो. तो गेला की पॉलिश पुन्हा पुन्हा करावे लागते. अ‍ॅल्युमिनियमला सोड्याचे तीव्र पाणी कधीही लावू नये. त्याने ते पांढरे पडते.

मुलाम्याच्या भागाला पहिला उपाय धुण्याचा. साध्या साबणाच्या पाण्याने चिखल धुऊन काढावा आणि फडक्याने टिपावे. मग तांबूस ठिपके राहिले असतील तर स्वयंपाकघरातला अ‍ॅल्युमिनियमचा पातळ कागद, ज्यात पोळ्या गुंडाळतात तो, चुरगाळून पाण्यात बुडवावा आणि हलक्या हाताने त्या ठिपक्यांवर फिरवावा. अ‍ॅल्युमिनियम क्रोमियमहून मऊ असते, म्हणून गंज निघतो आणि मुलाम्याला इजा सहसा होत नाही. नंतर स्वच्छ पाण्याने धुऊन, अगदी कोरडे करून, वर मेणाचा हात द्यावा. हे मेण म्हणजे त्या बारीक भेगांना लावलेले झाकण. किनाऱ्यावर राहणाऱ्यांनी ते वरचेवर लावावे. पुष्कळ गाड्यांना एवढ्यानेच भागते, बरे का! दुरून पाहून 'क्रोम गेले' म्हणून ज्याची आशा सोडली, तो बंपर निव्वळ मळलेला निघतो.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळा. संडास धुण्याचे आम्ल लावले की डाग झटकन जातात, असा सल्ला काही ठिकाणी मिळतो. ते पुष्कळदा हायड्रोक्लोरिक आम्ल असते. डागाबरोबर ते क्रोमियमही विरघळवते. मुलामा देणारे कारागीर जुने क्रोमियम उतरवायला हेच आम्ल वापरतात, यावरून काय ते समजा.

दुसरा उपाय रंगाचा. मुलामा जागोजाग उखडला आहे, गाडी रोजच्या कामाची आहे आणि शोभेपेक्षा टिकाऊपणा हवा आहे, तर रंग देणे शहाणपणाचे आहे. पण क्रोमियमच्या गुळगुळीत पृष्ठावर रंग धरत नाही. तसाच फवारला तर एका पावसाळ्यात त्याचे पापुद्रे निघतात. म्हणून सुटणारा मुलामा आधी पूर्ण काढावा आणि उरलेल्या भागाची चकाकी पाणी लावून पॉलिश पेपरने मोडावी. पाणी लावले की धूळ उडत नाही आणि ती छातीत जात नाही. गंजाचा कण न् कण काढावा. मग तेलकटपणा पुसून, धातूला पकड घेणारे प्रायमरचे अस्तर द्यावे, त्यावर रंगाचे दोन-तीन पातळ हात आणि शेवटी पारदर्शक लाखेचा हात. डब्यातल्या रुपेरी फवाऱ्याने क्रोमियमसारखे रूप येईल अशी आशा करू नका. तो रंग शेवटी करडाच दिसतो. त्यापेक्षा काळा किंवा गाडीच्या अंगाचा रंग दिला तर तो सोंग न वाटता शोभून दिसतो.

तिसरा उपाय भाग बदलण्याचा. जस्ताच्या भागावर फोड आले की आतले जस्त पोखरलेले असते. त्यातले खड्डे कोरून, भरून, पुन्हा मुलामा देणे फार किचकट काम आहे, तेव्हा दुसरा बरा भाग मिळाला तर तो घ्यावा. पण बंपरच्या बाबतीत घाई नको. जुन्या बंपरचा पत्रा पुष्कळदा आजच्या नकली बंपरपेक्षा जाड असतो. शिवाय पन्नास वर्षांहून जुन्या गाड्यांची वेगळी नोंदणी करण्याचा नियम केंद्र सरकारने २०२१ साली केला. तीत गाडी मूळ रूपात असावी लागते. ज्यांची गाडी त्या वयाला पोचत आली आहे, त्यांनी मूळ भाग भंगारात टाकण्याआधी दोनदा विचार करावा.

चौथा उपाय पुन्हा मुलामा देण्याचा. यात जुने क्रोमियम आणि निकेल उतरवतात, पोचे काढतात, बफ मारून पत्रा आरशासारखा करतात आणि मग एकेक थर विजेच्या साहाय्याने चढवतात. यात खरी मेहनत बफाची. खाली जो ओरखडा राहील तो वरच्या चकाकीत दुप्पट दिसतो. म्हणून कारागिराकडे गेलात तर 'क्रोमचे किती घ्याल?' एवढेच विचारू नका. 'खाली निकेल किती वेळ चढवता?' हे विचारा. निकेलच्या टाकीत वस्तू पुरेसा वेळ राहिली नाही, तर चकाकी वर्षभरात उडते आणि दोष मात्र क्रोमियमला लागतो.

श्रोतेहो, इथवर वस्तूच्या खाली काय आहे ते पाहिले. आता या धंद्याच्या खाली काय आहे तेही पाहायला हवे.

क्रोमियमच्या टाकीत पाणी नसते, क्रोमिक आम्लाचा गडद तांबूस द्राव असतो. विजेचा बहुतेक भाग पाण्याचे विघटन करण्यातच खर्च होतो, मुलामा चढवायला त्यातला थोडाच लागतो. त्यामुळे टाकीतून सारखे बुडबुडे उठतात, ते पृष्ठावर फुटतात आणि आम्लाचे अतिसूक्ष्म तुषार हवेत पसरतात. या आम्लातले क्रोमियम बंपरवरच्या क्रोमियमसारखे निरुपद्रवी नसते. रसायनशास्त्रात त्याला सहा संयुजेचे क्रोमियम म्हणतात. ते कातडीला लागले की न भरणाऱ्या जखमा होतात. वर्षानुवर्षे नाकात गेले तर नाकाच्या मधल्या पडद्याला भोक पडते. फुप्फुसाचा कर्करोग त्याने होतो, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने निर्विवाद मानले आहे. बंपरच्या आरशात आपले तोंड पाहताना, तो आरसा करणाऱ्याच्या नाकाचे काय झाले असेल, हा विचार आपल्या मनात कधी येतो का?

आणि हे विष टाकीपाशी थांबत नाही. ते पाण्यात सहज विरघळते, म्हणून नाल्यात सोडले की विहिरीपर्यंत जाते. पिण्याच्या पाण्याच्या आपल्या मानकात क्रोमियमची मर्यादा लिटरला ०.०५ मिलिग्रॅम आहे. म्हणजे एक ग्रॅम क्रोमियम वीस हजार लिटर पाण्याला त्या मर्यादेपर्यंत नेते. तामिळनाडूत राणीपेट येथे क्रोमियमचे क्षार करणारा एक कारखाना होता. तो १९९० नंतरच्या दशकात बंद पडला, पण त्याच्या आवारात साचलेल्या कचऱ्यातून विष पावसाबरोबर भूजलात झिरपत राहिले. ते क्षार मुख्यतः मोटारींसाठी नव्हते, पण विष तेच. कारखान्याला कुलूप लागले म्हणून विहिरीचे पाणी गोड झाले नाही.

म्हणून काय मुलामा देणेच सोडायचे? तसे मी म्हणत नाही. तीन संयुजेच्या क्रोमियमचे द्राव आता निघाले आहेत. त्यांचा धोका पुष्कळच कमी आणि शोभेच्या कामाला ते चालतात. झाक किंचित गडद येते, एवढेच. युरोपीय संघाच्या देशांत २०१७ पासून जुने क्रोमिक आम्ल खास परवानगीवाचून वापरता येत नाही. आपल्याकडेही नीट चालवलेल्या कारखान्यात टाकीवर वाफ ओढणारे धुराडे असते, कामगारांना हातमोजे आणि गमबूट असतात, सांडपाणी शुद्ध करून मगच सोडले जाते. गाडी देताना एकदा आत डोकावून पाहा. कामगार उघड्या हातांनी टाकीत वस्तू बुडवतो आहे आणि मागच्या दाराने पिवळे पाणी गटारात जाते आहे, असे दिसले तर तिथला स्वस्त दर आपल्या कामाचा नाही. त्या दरातली सूट दुसऱ्या कोणाच्या तरी छातीतून आणि विहिरीतून काढलेली असते.

घरच्या घरी क्रोमियमचा मुलामा देण्याचा उद्योग तर कोणीच करू नये. मुलामा असलेल्या भागावर तसेच वेल्डिंगही करू नये. उष्णतेने त्या निरुपद्रवी थरातूनच विषारी धूर निघतो.

शिक्षकबंधूंनो आणि भगिनींनो, मुलांना मुलाम्याचे तत्त्व दाखवायचे असेल तर मोरचुदाचा प्रयोग पुरेसा आहे. मोरचुदाच्या पाण्यात लोखंडी खिळा बुडवा. तो क्षणात तांबूस होतो, पण तो थर बोटाने पुसला जातो. मग शिसपेन्सिलीचा तुकडा दोन्ही टोकांना तासून घ्या. एका टोकाचे शिसे पाण्यात बुडवा आणि दुसरे टोक विजेरीच्या सेलच्या ऋण ध्रुवाला जोडा. तांब्याची तार त्याच पाण्यात बुडवून धन ध्रुवाला जोडा. हळूहळू शिशावर तांबे चढू लागते आणि ते घट्ट बसते. घाईने आलेला थर आणि सावकाश चढवलेला थर यांतला फरक मुलांना बोटांनी कळतो. मोरचूदही विषारी आहे, तेव्हा हात धुवायला लावा आणि उरलेले पाणी विहिरीजवळ टाकू नका. आणखी एक प्रयोग करा. सायकलच्या दोन जुन्या घंट्यांच्या वाट्या घ्या, एकीवर काचकागदाने खोल रेघ मारा आणि दोन्ही मिठाच्या पाण्याने रोज ओल्या करा. आठवडाभरात गंज कुठून वर येतो ते मुलेच तुम्हाला सांगतील.

सारांश एवढाच. प्रथम चुंबक लावून भाग ओळखा. मग धुवा आणि मेण लावा. त्याने भागत नसेल आणि गाडी कामाची असेल तर रंग द्या. आतून पोखरलेले असेल तर भाग बदला. आणि मूळ रूपच राखायचे असेल तर पैसे साठवून चांगल्या ठिकाणी, निकेलचा भरपूर थर देऊन, एकदाच मुलामा करून घ्या. दर दोन वर्षांनी स्वस्तातला मुलामा देण्यापेक्षा वीस वर्षांतून एकदा दिलेला चांगला मुलामा खिशालाही परवडतो आणि त्या टाकीपाशी उभ्या असलेल्या माणसालाही.